माह्या काडीची घंटी

आमच्या तलावात मासे कमी अन् किस्से जास्त निंगतेत. मासा घरी गेला का खाऊन संपते. किस्सा कुठी संपते?

माह्या दोस्ताचं घ्या, गज्याचं. त्याचं तोंड झोपीतबी चालूच राह्यते. रहीम चाचा म्हणे, याच्या बडबडीनं मासे पार गडचांदूरले पोचले. म्या लगेच शर्त लावली. तुह्या काडीची घंटी वाजेपर्यंत चूप बसून दाखव, नाई तं पाण्यात उतरून सगळ्यायचे अटकलेले गळ काढ. येड्यानं मानली.

आमचं काम सोपं हाये. बांबूची काडी चिखलात रोवाची, शेंड्याले घंटी बांधाची, गळाले चारा लावून दोरी पाण्यात सोडाची अन् मोहाच्या झाडाखाली पडून राह्याचं. मासा ओढते, घंटी वाजते, ज्याची घंटी तो पळते.

तं गज्याले राखण ठेवून मी, चाचा अन् सिद्धार्थ मास्तर टपरीवर चहा प्याले गेलो. वापस आलो तं चाचाची काडी, दोरी, घंटी सगळंच घेऊन मासा पसार. गज्या डोळे फाडून तिकडं बोट दाखवून राह्यला होता.

"बोंबलला काऊन नाई बे?" चाचा म्हणे.

"चाचा, शर्त लागली होती ना."

अन् तेवढं बोलून हारला.

*

मास्तर शाळेत शिकवतेत. पण गांडूळाले बोट लावत नाईत. त्यायच्या गळाले गांडूळ मीच लावून देतो, अन् ते तिकडं तोंड करून उभे राह्यतेत. शेवटी चाचाले दया आली. त्यायनं मास्तरसाठी घरूनच चारा करून आणला. कणिक, तेल काढलेल्या शेंगदाण्याची ढेप, बडीशेप, जरासा गूळ. गोल गोल, लाडवावानी.

म्या काईच नाई केलं. फक्त डबा मास्तरच्या चहापाशी सरकवला.

मास्तरनं दोन खाल्ले. मंग चाचाले म्हणे, "चाचीले सांगा, गूळ अजून थोडा पाह्यजे होता."

"मासेबी हेच म्हणतेत, मास्तर," चाचा म्हणाले.

*

एकदा चाचाच्या नव्या घंटीले बारीक धागा बांधून मी मोहामागून ओढत बसलो. चाचा चारदा पळत गेले. चौथ्यांदा चप्पल चिखलात राह्यली. पण चाचा टेलर हायेत. धागा पाह्यला अन् वळखला. त्यायच्याच दुकानातला होता.

मास्तरनं खरं बोलण्यावर अर्धा घंटा घेतला. म्या दहावी अर्धी सोडली, पण मास्तरचे तास काई सुटत नाईत.

तवापासून घंटी वाजली का सगळे आंधी माह्याकडे पाह्यतेत, मंग पाण्याकडे.

*

अन् मागच्या आइतवारी चाचाले मरळ लागला. हातभर! त्यायची लेक वरोऱ्याले बाळंतीण हाये, लय अशक्त झाली म्हणे. मरळ खाल्ला का अंगात ताकद येते, म्हणून चाचा तीन आइतवारापासून त्याच्याच मागं होते. दुपारच्या बसनं घेऊन जाणार होते.

मासा बादलीत जिताच ठेवला, वरून ओलं पोतं झाकलं. चाचा हातपाय धुऊन आले तं बादलीत नुसतं पाणी.

तिघंबी माह्याकडे पाहून राह्यले.

"म्या नाई घेतला," म्हणलं. अन् सवयीनं हसलो. तिथंच फसलो.

चाचा रागावले असते तं बरं झालं असतं. त्यायनं माह्या काडीची घंटी सोडली अन् खिशात टाकली. "माह्या लेकीसाठी होता रे तो. तू आता इथी नको येत जाऊ."

शाळा तं सुटली तं सुटली. पण आइतवार कसा सोडू? काडी उपटली, दोरी गुंडाळली अन् निंगालो. गज्या एक शब्द नाई बोलला, तेबी शर्त नसताना.

तलावाच्या पाळीच्या टोकाले पोचलो अन् मागून मास्तरचा आवाज आला.

"चाचा, त्याची घंटी वापस बांधा. मासा म्या लपवला."

वापस पळत आलो. मास्तर मान खाली घालून सांगून राह्यले होते. मस्करी कशी लागते ते याले एकदा कळावं म्हणून केलं, पाच मिनटात काढून देणार होतो, पण तुमी घंटी सोडली अन् माही जीभच उचलंना.

"हाये कुठी?" चाचानं इचारलं.

मास्तर मोहामागं गेले, ओली थैली उचलली. रिकामी! मरळ बिनपाण्याचाबी सरपटत जाते, हे मास्तरले कोणी शिकवलं नव्हतं. थैलीपासून तलावापर्यंत चिखलात एक लांब रेघ गेलती.

चाचा त्या रेघेकडे पाहात राह्यले. मंग घड्याळ पाह्यलं. "बस याले दोन घंटे हायेत."

त्यायनं माही काडी घेतली, चिखलात रोवली, खिशातली घंटी बांधली. मंग मास्तरच्या काडीची घंटी सोडली अन् तीबी माह्याच काडीले बांधली. गांडूळाचा डबा उचलून मास्तरपुढं ठेवला.

"आज याच्या गळाले तुमी लावा."

मास्तरनं डोळे मिटले अन् डब्यात बोट घातलं.