दादाच्या खळ्यावरचं ऑइल

आमच्या पाड्यावर सपाट जागा एकच, आणि ती माझी नाही. सूर्यमाळच्या या उतारावर घर तिरकं, अंगण तिरकं. पिकअप उभी करायची तर चाकांना दगड लावावे लागतात. सपाट आहे ते फक्त खळं. वाटणीत ते दादाला गेलं आणि तेव्हापासून आम्हा सख्ख्या भावांचं बोलणं म्हणजे नुसतं खेकसणं.

गेल्या दिवाळीनंतर गाडी मागून घुंघुं करायला लागली. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, डिफरन्शल. त्यातलं ऑइल कमी झालं की असं होतं. मी खोडाळ्याच्या बाजाराची भाडी मारतो. मागे बाया, पाट्या, कोंबड्या. उतारावर तो गोळा जाम झाला तर चाकं जागच्या जागी धरतील, आणि पुढचं सांगायला मी उरणार नाही.

ऑइल बघणं सोपं असतं. वरचा बोल्ट काढायचा, भोकात बोट घालायचं. काठाशीच ऑइल लागलं तर भरलेलं. पण गाडी सपाट उभी पाहिजे. उतारावर सगळं ऑइल एका अंगाला येतं आणि अर्धा रिकामा गोळासुद्धा भरल्यासारखा दिसतो. म्हणून नाक मुठीत धरून दादाकडे गेलो.

"अर्धा तास खळं दे."

"सारवलंय. उद्या नागली झोडायची."

"माणसं मरतील, दादा!"

"मग नको भरू माणसं. तिथं आम्ही पायताण घालून जात नाय, नि तू ते डबडं आणतोस?"

डबडं! तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी दादा-वहिनी उरलेली नागली, म्हणजे नाचणी, आणायला वरच्या माळावर गेली, आणि मी गाडी सरळ खळ्यात घातली. हो, मुद्दाम घातली.

रागात माणसाची अक्कल चरायला जाते. नवं ऑइल वरच्याच भोकातून भरतात, म्हणून आधी वरचा बोल्ट सुटतो का बघायचं, मगच ऑइल सोडायचा खालचा काढायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी जुनं ऑइल काढून नवंच भरू म्हणून आधी खालचा काढला. घमेल्यात काळंकुट्ट, कुबट वासाचं ऑइल पडलं, ते अर्धंसुद्धा नव्हतं. म्हणजे मीच खरा! त्या तोऱ्यात वरच्या बोल्टला पाना लावला. हलेना. पान्याला पाइप अडकवून जोर लावला, तर पाना सटकला आणि माझी लाथ बसली घमेल्याला. सारवलेल्या खळ्यावर ऑइल पसरलं.

तेवढ्यात दादा आला. डोक्यावर नागलीचा भारा.

"गाडी काढ."

"निघत नाही. आत ऑइल नाही, वर बोल्ट अडकलाय."

वहिनीने वाकून बोट लावलं, हुंगलं. "वर्षभर भाकरीला हाच वास खायचा का आम्ही?" ती म्हणाली.

चुकलो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "आधी दिलं असतंत तर नीट केलं असतं!" मग दादाने मला जे म्हटलं ते मी लिहिणार नाही. भारा डोक्यावर तसाच ठेवून तो उभा होता.

दोन दिवस गाडी तिथंच. तिसऱ्या दिवशी खोडाळ्याहून मेकॅनिक आला, छिन्नी-हातोड्याने त्याने वरचा बोल्ट फोडून काढला, नवीन ऑइल भोकातून ओघळेपर्यंत भरलं, नवा बोल्ट बसवला. आवाज गेला. खळ्याची माती मात्र दादाने वीतभर खणली तरी वास जाईना.

शेवटी त्याने नागली डांबरी रस्त्यावर पसरली. वरून गाड्या गेल्या की दाणे सुटतात, पुष्कळ जण करतात तसं. मी खोडाळ्याहून बाया घेऊन वर येत होतो. माझ्या पुढे एक ट्रक गेला, एक टेम्पो गेला; दादा दोघांनाही हात हलवून ये ये म्हणत होता. मी जवळ आलो तसा तो रस्त्याच्या मधे आला आणि हात आडवा केला. मी ब्रेक मारला. वाटलं, बोलतोय. खरंच बरं वाटलं मला. काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

त्याने झाडू घेतला आणि सगळी नागली कडेला ओढली, डांबर उघडं पडेपर्यंत. मग पाठ करून उभा राहिला.

"भाऊच ना तुझा? बघ, कशी वाट करून दिली," मागची म्हातारी म्हणाली.

मी गिअर टाकला. आरशात मागून एसटी येताना दिसत होती, आणि दादा घाईघाईने नागली परत रस्ताभर पसरत होता.