मायक्रोफोनपुढचा तळहात

कल्पना करा, तुम्ही एका बंद खोलीत बसला आहात. भिंतींना आवाज शोषणारा स्पंज, टेबलावर मायक्रोफोन, समोर एक बाई. तुम्ही म्हणायचं पाणी, झाड, कान. बाईंनी आपल्या भाषेतला शब्द तीनदा सांगायचा. पहिल्यांदा माणूस बिचकतो, दुसऱ्यांदा सावरतो, तिसरा उच्चार खरा. मधे हूं की चूं करायचं नाही. आता कल्पना करा, ती बाई तुमची आई आहे आणि हे तुम्ही कुणालाच सांगितलेलं नाही.

विद्यापीठात जिला सगळे टाचणी म्हणतात (अंगाने बारीक आणि दुसऱ्याच्या चुकीत बरोबर रुतणारी), तिने हेच केलं. तिचं संशोधन एका आदिवासी भाषेवर होतं. ती बोलणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत. जुन्या ध्वनिफिती ऐकून शिकले, असं ती सांगायची आणि ते खोटं नव्हतं. तिला आठवतं तेव्हापासून आईने घरात त्या भाषेतला शब्द काढला नव्हता. ती भाषा आपल्याच लोकांची आहे, एवढंच टाचणी गिळून टाकायची. शाळेत 'जंगली' अशी हाक ऐकली, तेव्हापासूनची ही सवय.

एकदा तिच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "प्रत्यक्ष बोलणारं कुणी मिळेल का गं?"

"ओळखीच्या एक बाई आहेत. दवाखान्याच्या धोबीखान्यात असतात."

घरी तिने आईला बजावलं, "तिथे मला नावाने हाक मारू नकोस."

"मग काय म्हणू? साहेब?"

"मॅडम म्हण."

"बरं, मॅडम. तेवढी भांडी घासता का?"

खोलीत सर कानाला हेडफोन लावून बसले. टाचणी म्हणाली, "पाणी." आईने शब्द उच्चारला आणि तिचा उजवा हात टेबलावर पुढे आला, तळहात वर. दुसरा उच्चार, पुन्हा हात. तिसऱ्या वेळी तिने डोळेच मिटले. आवाज इतका खाली गेला, की संगणकाच्या पडद्यावरची त्याची रेघ जवळजवळ आडवी झाली.

सर हसले. "मावशी, हातावर खाऊ ठेवू का?"

आई ओशाळली. हात मांडीखाली दाबत म्हणाली, "सवय हो, वसतिगृहातली. आपला शब्द तोंडातून गेला की हात पुढे करायचा. नाही केला तर छड्या दुप्पट. आपोआप येतोय मेला."

सरांचं हसू मावळलं. टाचणीला मान वर करवेना. वसतिगृहांतल्या शिक्षांवर तिने अख्खं प्रकरण लिहिलं होतं, तळटिपांसकट. त्यात आपल्याच घरातली बाई असेल, हे तिने धरलंच नव्हतं.

सरांनी हलक्या आवाजात विचारलं, "घरी मुलं बोलतात का ही भाषा?"

"मला मूलबाळ नाही," आई म्हणाली. टाचणीकडे न बघता, पटकन, पाठ केल्यासारखं.

टाचणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "सर," ती म्हणाली, "ही माझी आई आहे."

"गप गं!" आई कडाडली. "एवढं निभावत आणलं होतं मी! शिकून अक्कल गहाण टाकलीस का?"

सरांनी उठून आईला पाण्याचा पेला दिला आणि ते बाहेर गेले. टाचणीला वाटलं होतं, खरं बोललं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. आईच्या तोंडून 'मूलबाळ नाही' हे आपणच वदवलं, हे तिला अजून खातं.

आई अजूनही ध्वनिमुद्रणाला येते. हात अजूनही पुढे येतो. मग ती त्याच हाताने नाक खाजवते. टाचणीचे उच्चार ऐकून म्हणते, "शेळी खोकल्यासारखं करतेस." फक्त घशातल्या एका आवाजाला तिने कधी नाव ठेवलेलं नाही. बाकीच्या विद्यार्थ्यांना तो वर्षभर घसा खरवडूनही जमत नाही. टाचणीला पहिल्याच दिवशी जमला होता. "कुठून आला गं हा मला?" असं तिने विचारलं, तर आई म्हणाली, "मला काय ठाऊक?" आणि चपला शोधू लागली.

टाचणीने पुन्हा विचारलेलं नाही. पण तिला जाणून घ्यायचंच आहे: ती तान्ही असताना, घरात दुसरं कुणी नसताना, आई तिच्याशी कोणत्या भाषेत बोलत होती?