चार स्टारचा चहा

वैशालीच्या मुलीचा, तन्वीचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते, दोन कपांचं. दुपारचे दोन वाजले की हात आपोआप दोन कप पाणी घेतो. "आजी, आई गेली... ताप उतरलाच नाही," पोरगी म्हणाली, आणि मी वेड्यासारखी गॅस बारीक करून पाणी उकळू देत राहिले. याला आता पाच आठवडे झाले. पण खरं सांगू? वैशाली आठवते ती अशी रडवेली नाहीच. स्वतःपेक्षा मोठी बॅग खांद्याला लावून, आमच्या शांती नगरच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तीन जिने चढून, धापा टाकत हसणारी आठवते, आणि तिचं सांगायला लागले की मला थांबताच येत नाही!

वैशाली भाईंदरजवळच्या मोरवा गावची. घरचं मिठागर कधीच गेलेलं, ती भाईंदर पूर्वेच्या एका पार्लरमध्ये कामाला होती. ते बंद पडलं आणि तिनं मोबाइलवरच्या अ‍ॅपचं काम धरलं. म्हणजे कसं, अ‍ॅप बुकिंग पाठवणार, हिनं बॅग घेऊन त्या घरी जायचं, काम झालं की गिऱ्हाईक स्टार देणार. मला वाकून पायाची नखं कापता येत नाहीत, म्हणून सुनेनं तिला बोलावलं. काय हात होता हो! टाचा अशा चोळल्या की मला बसल्या बसल्या झोप लागली. मग सुनेनं फोन पुढे केला, स्टार द्या म्हणाली. मी सातवीपर्यंत शिकलेली. आमच्या बाई निबंधाला पैकीच्या पैकी कधीच देत नसत. सुधारायला जागा ठेवावी म्हणायच्या. मी मोठ्या अभिमानानं चार दाबले आणि खाली लिहिलं, 'उत्तम काम, अनेक आशीर्वाद.'

आठ दिवसांनी वैशाली दारात. बॅग नाही. "काकू, तुम्ही काय करून बसलाय तुम्हाला ठाऊक न्हाय. माझा आयडी बंद झाला."

आधीच दोघींनी उशिरा आली म्हणून कमी दिलेले, त्यात माझे हे चार, आणि ती काठावरून खाली गेली. मला काही कळेना. शेजारच्या जिग्नाबेन कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे काकी, आजकल चार मतलब नापास!"

पुन्हा ट्रेनिंग करून आयडी उघडला, पण अट अशी की पुढची दहा बुकिंगं पूर्ण पाचची हवीत, नाहीतर कायमचा बंद. मग काय विचारता! मी घरोघर फिरले. कुणाचे केस, कुणाचं फेशियल. जिग्नाबेननी तर सासूबाईंच्या भुवया करायला लावल्या. वय ऐंशीच्या पुढे, भुवया होत्याच कुठे! वैशाली दोरा दातात धरून म्हणते, "बा, पहले ढूंढने तो दो." प्रत्येकीनं स्टार माझ्यासमोर दाबायचे, मी फोनवर नाक टेकवून उभी. दहावं बुकिंग चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेचं. त्या आरशात बघून म्हणाल्या, "केस छान कापलेत, पण डावीकडे किंचित..." मी म्हटलं, "बाई, आज हात आखडू नका, हिचं पोट आहे त्यावर." त्यांनी चष्मा लावला, एक, दोन, तीन, चार... आणि पाच! जिन्यात असा आरडाओरडा झाला की वॉचमन धावत वर आला.

तेव्हापासून दोन बुकिंगांच्या मधल्या वेळात ती माझ्याकडे येऊ लागली. नाहीतर बसणार कुठे हो या बायका? कुठल्याशा इमारतीच्या पायरीवर, तिथूनही उठवतात. बाथरूम मिळत नाही म्हणून पाणीच पीत नसे ती. तिचा चार्जर माझ्या ओट्याशेजारच्या प्लगमध्ये कायमचा राहिला. चहा प्यायची आणि रोज गंभीर तोंड करून निकाल द्यायची, "चार स्टार."

"पाचवा कुठे गेला गं?"

"काकू, सुधारायला जागा नको?"

दोन वर्षं! आलं घातलं, वेलची घातली, दूध बदललं. चार म्हणजे चारच.

ती आली त्या शेवटच्या दिवशी कप देताना तिची बोटं लागली, चटका बसावा इतकी गरम. मी म्हटलं, घरी जा. "आता रद्द केलं तर परत खाली येईन, काकू. एवढं एकच बुकिंग हाय." फोन वाजला, अर्धा कप तसाच ठेवून उठली. "स्टार आल्यावर सांगते." ...तिच्यासाठी दहा बायका गोळा करणारी मी, त्या दिवशी दारात आडवं पडायला हवं होतं. तिला जाऊ दिलं आणि कपावर बशी झाकून ठेवली.

गेल्या आठवड्यात दुपारी दोनला बेल वाजली. तशीच बॅग, चेहरा वेगळा. सना नाव. "आंटी, वैशालीदीदी बोलायची, इकडे बसायला मिळतं... चार्जिंग करू काय थोडं?"

चार्जर प्लगमध्येच होता. मी तो काढलेला नव्हता. तिनं फोन लावला, आधी बाथरूमला जाऊन आली, पाणी प्यायली. मी दोन कपांचं आधण ठेवलं. पोरीनं चहा एका दमात संपवला, ओठ पुसले आणि खुलून म्हणाली, "एकदम फाइव्ह स्टार, आंटी!"

"चार म्हण गं," मी म्हटलं. "आणि उद्या परत ये."