नाशिक ते मोताळा: दुर्गाबाईंना घरी सोडायला

निवाऱ्याची गाडी गॅरेजात पडली होती आणि माझी दारात उभी होती, एवढ्यावर हा प्रवास ठरला. नाशिकजवळच्या या निवाऱ्यात रस्त्यावर सापडलेल्या, मन ठिकाणावर नसलेल्या बायकांना आणतात. न्हाऊमाखू घालतात, औषधोपचार करतात आणि गाव आठवलं की घरी पोहोचवतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी तिथं वाचायला शिकवायला जाते. तिथली कार्यकर्ती वैशाली म्हणाली, "मॅडम, दुर्गाबाईंना बुलढाण्याला सोडायचंय, येता का?" मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात या ब्लॉगचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं होतं: 'अकरा वर्षांनी माय घरी'. फोटोसाठी फोन चार्ज केला होता. गुडघ्याला बाशिंग बांधून निघणं म्हणतात ते हेच.

दुर्गाबाई पन्नाशीच्या. दुसरं बाळ पोटातच गेलं आणि त्यांचं मन फाटलं. एक दिवस मलकापूर स्टेशनात समोर आली त्या गाडीत बसल्या आणि नाशिकरोडला उतरल्या. मधली सात वर्षं कुठं, कशी गेली ते त्या सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही. गेली चार वर्षं निवाऱ्यात. आता डोकं शांत, हात चलाख, तिथल्या स्वयंपाकघराच्या त्या राणी. ध्यास एकच, घरी जायचं आणि पोरीला पाहायचं. पूजा नऊ वर्षांची असताना त्यांनी तिला शेवटची पाहिली होती.

सकाळी सहाला निघालो. चांदवड, मालेगाव, धुळे. रस्ता उत्तम, टोल भरपूर. धुळ्याच्या अलीकडे शेवभाजी खाल्ली, तिखटानं कानातून वाफा निघाल्या. दुर्गाबाईंनी मिटक्या मारत दोन भाकरी संपवल्या आणि मला म्हणाल्या, "एवढ्यानंच डोळ्याले पानी आलं? आमच्या घरचा ठेचा खाऊन पाहा, मंग बोला." जळगावनंतर ट्रकांची रांग लागते, तेव्हा घाई असेल तर पारोळ्याला चहा पिऊ नका, वेळ तिथंच जातो. मलकापूरला पोचेतो चार वाजले. साडेआठशेची खोली घेतली. चादरी स्वच्छ, नळ गळका. (शेगाव, बुलढाणा करणाऱ्यांना मुक्कामाला बरं आहे. सिंदखेडराजा, साखरखेर्डा पाहायचं असेल तर मात्र समृद्धीनं जा, इकडून वळसा पडतो.)

त्या संध्याकाळी मी वैशालीला विचारलं, "घरी कळवलंय ना?"

"नाही."

"म्हणजे?"

"मॅडम, फोनवर नाही म्हणणं सोपं असतं. दारात उभ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आम्ही असंच करतो. दोन महिन्यांपूर्वी पोलीस पाटलांकडून खात्री केली की नवरा तिथंच राहतो, मोठ्या भावाच्या कुटुंबात. आणि घरी सांगू नका म्हणून त्यांना बजावलं."

मला ते पटलं. इतकं पटलं की मी तिचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी नऊला मोताळ्याचा रस्ता धरला. दुतर्फा उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे, मध्येच पिवळा पडत चाललेला मका. मोताळ्यात आठवडी बाजार भरत होता, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलानं. दुर्गाबाई काच खाली करून नुसत्या बघत होत्या. "इथं पूजाले चपला घेतल्या होत्या. लाल." मग जरा वेळानं म्हणाल्या, "मले पाहून ते पयले रडन का हासन?" आम्ही दोघी म्हणालो, आधी रडेल, मग हसेल. दोघींनाही अगदी ठाम माहीत होतं!

मोताळ्यापासून दहा-बारा किलोमीटर आत ते गाव आहे. नाव लिहीत नाही. वळणावरच लाउडस्पीकर ऐकू आला. दुर्गाबाईंनी हात करून दाखवलं ते घर आंब्याच्या डहाळ्यांनी सजवलेलं, दारात मांडव, पाट, हळदीची ताटं. लग्न होतं. पूजाचं. दुसऱ्या दिवशीच. आणि चिखली तालुक्यातल्या उंद्रीहून नवऱ्या मुलाकडची माणसं उष्टी हळद घेऊन येऊन बसली होती.

वैशालीनं कपाळावर हात मारला. दुर्गाबाई तोवर गाडीतून उतरल्यासुद्धा.

मांडवात तीस-चाळीस माणसं. एक जाडशी बाई ताट घेऊन उठली आणि दुर्गाबाईंना बघून जागीच थबकली. ती त्यांची मोठी जाऊ. तिच्या तोंडाचा रंग उतरला. पण काय बाई असेल ती! क्षणात सावरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "आल्या का सैपाकाच्या बाई? किती वाट पाह्याची मानसानं! इकडून या, मांगच्या दारानं."

दुर्गाबाई जाग्यावर उभ्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या मागच्या दारानं गेल्या.

मागं चुलीपाशी दार लोटून जावेनं त्यांना मिठी मारली. "माय वं, जित्ती हायस! दुर्गे, कुठं गेलती वं?" दोघी रडल्या, आवाज न करता. मग जाऊ डोळे पुसून आमच्याकडे वळली. "पोराकडच्याईले सांगतलं हाय, पोरीची माय वारली म्हनून."

"का पण?" मी फाडकन विचारलं.

"मेली म्हटलं तं लोक हळहळतात, बाई. पळाली म्हटलं तं इचारतात, कोनासंगं? आन् येडी झालती म्हटलं तं पोरीकडं पाहातात, हे बी होईन का म्हनून. दोन सोयरिका मोडल्या अशानं. ह्या पोरीले म्या लहानाचं मोठं केलं. आजचा दिस जाऊ द्या. पाया पडतो तुमच्या."

ती खरंच वाकली. माझा तोरा गळून पडला. या बाईला शिव्या द्याव्यात तर कुठल्या तोंडानं?

नवरा, भास्करराव, कापसाच्या खोलीत भेटला. खाली बघत बोलत होता. तीन वर्षं शोधलं, स्टेशनं पालथी घातली, मग थकलो, म्हणाला. वैशालीनं सुपूर्दनाम्याचा कागद काढला होता. निवाऱ्याचा नियम, घरच्यांची सही आणि एक फोटो. तो म्हणाला, "सही पायजे ना तुम्हाले? देतो. पन आज तिले घेऊन जा."

"सही देऊन परत कसं पाठवता?" वैशालीचा आवाज चढला.

"हळू बोला, ताई. लग्न होऊ द्या. मंग मी सोता येतो न्यायले."

वैशालीनं कागद परत पिशवीत टाकला. बाहेर पोलीस पाटील भेटले, तेव्हा ती त्यांच्यावर उखडली. तो म्हातारा शांतपणे म्हणाला, "काऊन रागावून राह्यले मावर? तुमीच सांगतलं, घरी बोलू नका. नाई बोललो. सोयरीक जमली मंग महिन्याभरानं." अट आमचीच होती.

आम्ही चुलीपाशी परत आलो, तर दुर्गाबाई बट्ट्या तळत होत्या. इकडं लग्नाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असते. बाया त्यांना विचारत होत्या, पीठ असं हवं का, मोहन किती, आणि त्या सांगत होत्या. माणूस स्वतःच्या घरात अकरा वर्षांनी येतो आणि पाहुण्यांसाठी कढईपाशी बसतो! एकदा पिवळी साडी नेसलेली एक उंच मुलगी दारात आली, "मावशी, पानी द्या नं." दुर्गाबाईंनी तांब्या दिला. मुलगी गटागट पाणी प्यायली आणि गेली. त्या रिकामा तांब्या धरून बसल्या, कढईत बट्ट्या करपायला लागल्या तेव्हा कुठं भानावर आल्या.

मग हळद सुरू झाली. जाऊ मनानं कच्ची नव्हे, पण त्या घडीला तिला राहवलं नाही. चार सवाष्णींनी हळद लावली आणि ती चुलीकडे वळून म्हणाली, "सैपाकाच्या मावशी, या, तुमी बी लावा. पाचवा हात तुमचा."

दुर्गाबाई पदराला हात पुसत आल्या. ताटात बोटं बुडवली. एवढ्यात उंद्रीची, नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "थांबा वं. ह्याईचा गळा रिकामा हाय. सवाशीन हायेत का ह्या?"

मंगळसूत्र रस्त्यावरच्या वर्षांत कधीच गेलं होतं. नवरा जिवंत होता. दहा हातांवर, मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. सगळे गप्प. जाऊ गप्प. तोही गप्प. आणि मी, जिनं तीस वर्षं शाळेत हेडमास्तरांपासून पालकांपर्यंत कुणाला सोडलं नाही, तीही गप्प. जिभेवर आलं होतं, अहो, तो बघा तिचा नवरा! पण पाटावर ती पोरगी बसली होती.

दुर्गाबाई म्हणाल्या, "नाई वं बाई. मी नाई सवाशीन. मी आपली सैपाकाची." बोटांची हळद त्यांनी ताटाच्या काठाला निपटली आणि मागं गेल्या. पाचवा हात आत्याबाईंनीच लावला.

तीन वाजता निघालो. जावेनं बट्ट्यांचा डबा दिला, आम्ही तो घेतला. पूजाला कळलं का? मला माहीत नाही. गाडीत दुर्गाबाई फक्त एकदा बोलल्या, "उंच झाली. माह्यापेक्षा उंच." मुक्ताईनगरला चहाला थांबलो, त्या उतरल्या नाहीत. परतीच्या रस्त्याचं यापेक्षा जास्त मला आठवत नाही, टोल मात्र तेवढाच भरला.

फोटो एकही काढला नाही. वैशाली आता आधी घरी कळवते. परवाच एका घरानं फोनवर नाही म्हटलं, अगदी सहज. म्हणजे तेही चूक आणि हेही चूक. तुम्ही कुणाला असं घरी पोचवायला निघणार असाल तर कुठली पद्धत बरोबर ते मला विचारू नका.

महिन्याभरानं वैशालीनं भास्कररावांना फोन लावला. ते म्हणाले, पोरगी जराशी रुळू द्या. पुढच्या महिन्यात म्हणाले, तिला दिवस राहिलेत, बाळंतपण होऊ द्या. निवाऱ्यात सगळे म्हणतात, दुर्गाबाईंचा केवढा त्याग! मला संताप येतो. काही हातात असेल ते सोडणं म्हणजे त्याग. हिच्याकडून तर काढून घेतलं, आणि आम्ही चारशे किलोमीटर पेट्रोल जाळून ते काढून घ्यायला मदत केली.

गेल्या शनिवारी त्या भाजी निवडत बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं. "बाई, पाटलाचा फोन आलता म्हने लग्नानंतर. पाठवनीले पोरगी रडली का वं?"

पाटील तसलं काही बोलले नव्हते. मी म्हटलं, "हो तर! खूप रडली म्हणे."

त्यांनी मेथीची एक काडी खुडली, दुसरी खुडली.

"कोनाच्या गळ्यात पडून?"