वाघचौरे अंकलची शांत वेळ

अंबरनाथच्या चर्चमधले वाघचौरे अंकल चौदा वर्षं तरुण संघाची शिबिरं नेत होते, पण त्यांना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. २००५ साली बदलापूरच्या शिबिरात सकाळच्या शांत वेळेआधी त्यांनी तेवीस मुलांना बजावलं, "बायबल घ्या आणि कोणी दिसणार नाही अशा जागी एकेकटे तासभर बसा. बोलायचं नाही."

मुलं बसली आणि अंकल मोजायला निघाले. दोन फेऱ्यांत तेवीस भरली, तिसरीत बावीसच. केरेना नव्हती. खाली नदी होती, आणि तिच्या आईने "तुमच्या भरवशावर पाठवते" म्हणून पोरीला पहिल्यांदाच एकटं सोडलं होतं. शांत वेळ गेली खड्ड्यात, अंकल शिट्टी फुंकत नदीकडे धावले.

करवंदीच्या जाळीमागून केरेना वैतागून उठली. "अंकल, किती वेळा जागा बदलू? जिथे बसते तिथे तुम्ही दिसता."

अंकल तिथेच मटकन बसले.

"आता हलायचं नाही," केरेना म्हणाली. "मी लक्ष ठेवते."

अंकल खरोखर बसून राहिले. बोटं तेवढी मांडीवर तेवीसपर्यंत मोजत होती.