धाब्यावरचा उन्हाचा बंब

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात आमची सॅपर कंपनी, म्हणजे पूल-रस्ते बांधणारी पलटण, धरणगावच्या बाहेर तळ देऊन होती. मी नाईकाच्या हुद्द्यावर, वय बावीस. आजारी जवानांसाठी गावातले एक धाब्याचे घर घेतले होते. मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर हातभर खारी माती, तेच धाबे. सहाला फॉल-इन, सातला परेड, आठला सिक रिपोर्ट. तापातून उठलेल्यांना आंघोळीला गरम पाणी लागे. त्या जळणासाठी कॉन्ट्रॅक्टर बांधाबांधावरच्या बाभळी तोडत सुटला होता आणि गावच्या बायकांना चुलीपुरती काटकी मिळेना. मला ते सहन होईना. चळवळीची पत्रके वाचून वाचून माझे डोके तेव्हा लवकर तापायचे.

इजिप्तमध्ये काळ्या डब्यांत उन्हावर पाणी तापवलेले मी पाहिले होते. कंपनीच्या साहेबांना म्हणालो, "सर, एक लाकूड न जाळता पाणी देतो."

"किती दिवसांत?"

"चार, सर."

"कॅरी ऑन."

रॉकेलचे सहा डबे कथलाचा डाक देऊन जोडले, डांबराने काळे केले. लाकडी खोक्यात बसवले, वर खिडकीच्या काचा लावल्या. ऊब धरायला सावद्याच्या बागांतून आणलेला केळीचा वाळका पाला खाली आणि बाजूंनी ठासून भरला. आता हा बंब धाब्यावर चढवायचा होता.

हाताखाली सॅपर नामदेव होता. धुळ्याकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, घरी दर उन्हाळ्यात धाबे घालणारा. तो म्हणाला, "नाईकभाऊ, डबा गळना ते पाला पानी पी लेई, वरतून दिसाव नही. माती भिजनी का धाबं बसस."

"पावसाळाभर भिजते, तेव्हा नाही बसत?"

"पाऊस वाही जास. हाई पानी जागेवरच राहस."

"नामदेव, असल्या भित्र्या शहाणपणानेच देश मागे पडला."

तो हसला. "देश राहू द्या, भाऊ. खाले मानसं झोपेल शेतस."

मी ऑर्डर दिली. त्याने बंब बसवला.

दुपारी तीनला पाणी हात पोळेल इतके तापे. साहेबांनी माझी पाठ थोपटली. रोज सकाळी पाणी चार बोटे कमी दिसे. वाफ होत असेल, असे मी सांगे. पाला उचकून मी एकदाही पाहिला नाही.

बाराव्या दिवशी, तीन वाजून चाळीस मिनिटांनी, आत माती झडू लागली. नामदेव बादल्या घेऊन आत गेला होता. अंगणात मला त्याचा आवाज ऐकू आला, "उठा! बठ्ठा बाहेर!" चार पेशंट होते. तिघे धावत आले. चौथ्याला उभे राहवत नव्हते. नामदेवने त्याला दारातून माझ्या अंगावर ढकलले. तेवढ्यात तुळई मोडली. धाबे आणि भरलेला बंब, दोन्ही नामदेववर आले. आम्ही हातांनी माती उपसली. वीस मिनिटे लागली. उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी, लष्करी चौकशी; प्रश्न साहेबच विचारत होते.

"बंब कोणी बसवला?"

"सॅपर नामदेवने, सर."

"जागाही त्यानेच निवडली?"

साहेब कागदातून मान वर करीनात.

"येस, सर."

सरकारी खोटेपणावर मी बराकीत भाषणे ठोकत असे. हे खोटे कोणी माझ्याकडून वदवून घेतले नव्हते. कागदावर आले: मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

फौजेतून डिस्चार्ज मिळाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील, आबा, ओट्यावर बसले होते. मी कंपनीचा म्हटल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "सरकारना कागद येल शे. त्याले धाबं घालानं मीच शिकाडं. मना पोऱ्या अशी चूक कशी करी?"

मी सगळे सांगितले. मग ते म्हणाले, "मले सांगं ते झालं. आते गावले सांग."

त्या संध्याकाळी मी चावडीवर उभा राहून सांगितले. कोणी मारले नाही. मारले असते तर बरे झाले असते. सरकारी कागद अजून तसाच आहे, म्हणून इथेही लिहितो. सॅपर नामदेव चार माणसे वाचवून मेला. निष्काळजीपणा माझा होता.