दवाखान्याची ताटी

वाळ्याचा ओला वास आला की मला अजूनही दवाखान्याची ती केस आठवते. सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता आणि मी नागपुरात फौजदार होतो. कूलर तेव्हा मोजक्यांकडे. बाकीचे खिडकीची दारं काढून तिथे वाळ्याची ताटी बसवत आणि दिवसभर ती भिजवत. काय गारवा असायचा! आजच्या एसीला त्याची सर नाही, हे मी नातवंडांशी भांडून सांगतो.

त्या उन्हाळ्यात प्रताप नगरच्या बाजूला भरदुपारी घरफोड्या सुरू झाल्या. घरं विरळ, उन्हामुळे रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. चोर नेमकं बाहेरगावी गेलेल्यांचंच कुलूप तोडत होता. सुगावा दिला तो एका फिर्यादी बाईंनी. पंचनामा चालू असताना त्या म्हणाल्या, "साहेब, मी गावाले जाऊन राहिली हे शेजारणीलेही नाही सांगितलं. फक्त डॉक्टरांले सांगितलं, जास्त दिवसाचं औषध पाहिजे होतं म्हणून."

मी बाकीच्या फिर्यादींना विचारलं. सगळे त्याच दवाखान्याचे पेशंट निघाले. डॉक्टर म्हणजे वस्तीतला देवमाणूस, त्यांच्यावर कोण संशय घेणार? राहिला त्यांच्याकडे बरीच वर्षं असलेला कंपाउंडर. त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. हात जोडून तो म्हणाला, "मी काहून करीन साहेब? माह्या पोरीचं लगन जुळलं हाये. मले ठाण्यात बसवलं हे सोयऱ्यायले कळलं तं मोडते ते."

रडणारा प्रत्येक माणूस निर्दोष नसतो, हे खाकीत लवकर कळतं. पण कितीही उलटसुलट विचारलं तरी याचं म्हणणं बदलेना: डॉक्टर पेशंटशी बोलतात तेव्हा तो बाहेरच्या खोलीत औषधं बांधत असतो. खात्री करायला मी साध्या कपड्यांत दवाखान्यात गेलो आणि पेशंटच्या स्टुलावर बसलो. पाठीवर पाणी उडालं. मागे ताटी होती आणि पलीकडून कोणीतरी ती भिजवत होतं. तो बादली भरायला गेला तसा मी बाहेर जाऊन ताटीला कान लावला. डॉक्टर एका म्हाताऱ्याला घर कुठे, गावाहून कधी परतणार, असं आपुलकीने विचारत होते. शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

पाणी मारणारा हा माणूस ताटीवाल्याने दिलेला. ताटी घेतली की भिजवणारा त्याच्याकडूनच यायचा. डॉक्टरांना त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

मग आमचे हवालदार पेशंट झाले. कुटुंबासह लग्नाला चाललोय, घराला कुलूप असेल, हे पत्त्यासकट मोठ्याने सांगून आले. दुसऱ्या दुपारी आम्ही त्याच घरात दबा धरून बसलो. कुलूप तुटलं आणि पाणी मारणाऱ्याचा मेहुणा आत आला. संध्याकाळपर्यंत दोघांनीही कबुली दिली, मुद्देमाल हाती लागला आणि कंपाउंडर सुटला.

त्याच्या मुलीचं लग्न ठरल्या दिवशी झालं. मलाही आमंत्रण होतं. पंगतीत डॉक्टर स्वतः वाढत होते. कंपाउंडर माझ्या पानाशी वाकून हळूच म्हणाला, "साहेब, डॉक्टरसाहेबांनी मले एकदाही नाही विचारलं, तू केलं का म्हणून." त्याचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही.

ताटीवाल्याच्या माणसालाही डॉक्टरांनी कधी काही विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला न विचारणं हा विश्वास होता. गारवा मिळतोय म्हणून अनोळखी माणसाला न विचारणं हा निष्काळजीपणा, आणि तो डॉक्टरांचा असला तरी घरं फुटली ती त्यांच्या भरवशावर आलेल्या पेशंटांची.